‘आन्सर’, ‘उत्तर’ आणि ‘जबाब’ : प्रतिवचनवाचक शब्दांच्या अर्थव्याप्तीचा एक विचार

इंग्रजीतील ‘आन्सर’ या शब्दाला मराठीत ‘उत्तर’ हा प्रतिशब्द शाळेच्या पहिल्या इयत्तांपासून शिकविला जातो आणि पुढे तो कोणी तपासून पाहत नाही. प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिका, उत्तरसूची या शैक्षणिक व्यवहारापुरते हे समीकरण बिनचूक आहे. परंतु पदव्युत्तर वर्गात भाषांतराच्या अभ्यासासाठी एखादा इंग्रजी कादंबरीतील उतारा घेतला, की पहिल्या दोन-तीन परिच्छेदांतच हे समीकरण डळमळू लागते. दारावर थाप पडते आणि मोलकरीण दाराला ‘आन्सर’ करते; कुत्रा एखाद्या नावाला ‘आन्सर’ करतो; प्रार्थना ‘आन्सर’ होते; आणि अपराध्याला आपल्या कृत्याबद्दल ‘आन्सर’ करावे लागते. यांपैकी एकाही ठिकाणी ‘उत्तर देणे’ हा शब्दप्रयोग मराठी कानाला पूर्णपणे मानवत नाही. विद्यार्थी मात्र कोशावर विश्वास ठेवून ‘त्याची प्रार्थना उत्तरित झाली’ असे लिहितो. या वाक्यात व्याकरणाची चूक नाही, आणि तरीही ते मराठी नाही. असे का व्हावे, याचा शोध घेताना ‘आन्सर’, ‘उत्तर’ आणि ‘जबाब’ या तीन शब्दांच्या मागे उभ्या असलेल्या तीन निरनिराळ्या व्यवहारांचा विचार करावा लागतो.

‘आन्सर’ हा शब्द मुळात न्यायसभेतला आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचे रूप ‘आन्डस्वारू’ असे होते. त्यातील ‘आन्ड’ या उपसर्गाचा अर्थ ‘विरुद्ध, समोर’ असा असून ग्रीक ‘अँटी’ हा त्याचा सगोत्र शब्द होय. उत्तरपदाचा संबंध ‘स्वेअर’ म्हणजे शपथ घेणे या क्रियापदाशी आहे. उच्चारातून लोपलेला, पण लेखनात अजून टिकून राहिलेला ‘डब्ल्यू’ हा त्या शपथेचाच अवशेष आहे. ज्याच्यावर आरोप झाला त्याने त्या आरोपाच्या विरुद्ध घेतलेली शपथ, हा ‘आन्सर’चा मूळ अर्थ होता. अँग्लो-सॅक्सन न्यायपद्धतीत प्रतिवादी स्वतः शपथ घेई आणि त्याच्या शपथेला बळकटी आणण्यासाठी शपथ-साहाय्यक उभे करी, हे लक्षात घेतले म्हणजे शब्दाच्या घडणीत शपथ का आली, ते स्पष्ट होते. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी आरोप आहे. जिज्ञासेतून आलेला प्रश्न नाही. ‘मला माहीत नाही, मला सांग’ हा प्रश्नाचा सौम्य प्रकार पुढे आला.

लॅटिनवरून इंग्रजीत आलेल्या ‘रिस्पॉन्स’ची कथाही फार वेगळी नाही. ‘रेस्पोंदेरे’ या क्रियापदातील ‘स्पोंदेरे’ म्हणजे गांभीर्याने वचन देणे. रोमन कायद्यात एकाने ‘वचन देतोस काय?’ असे विचारावे आणि दुसऱ्याने त्याच क्रियापदाने ‘वचन देतो’ म्हणावे, एवढ्यावर करार बंधनकारक होत असे. वचनाला दिलेले प्रतिवचन ते ‘रिस्पॉन्स’. त्यामानाने ‘रिप्लाय’ हा शब्द हलका आहे. त्याच्या मुळाशी ‘परत दुमडणे’ एवढीच कल्पना आहे, आणि म्हणूनच पत्राला किंवा बोलण्याला ‘रिप्लाय’ देता येतो, पण दाराला, नावाला किंवा आरोपाला देता येत नाही. जर्मन भाषेतील ‘आन्टवोर्ट’ या शब्दात ‘आन्ड’चाच भाऊबंद असलेला उपसर्ग आहे, मात्र त्याच्यापुढे शपथ न येता ‘शब्द’ आला आहे: समोरून आलेला शब्द. या तपशिलाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

शपथेचा अर्थ लोपला, तरी ‘समोरून काही आले आणि त्याच्यापुढे उभे राहावे लागले’ हा भाव ‘आन्सर’मध्ये कायम राहिला. म्हणून आव्हान, हाक, थाप, घंटा, नाव, वर्णन, गरज यांपैकी काहीही त्या क्रियापदाचे कर्म होऊ शकते. मराठीने हे सगळे एका क्रियापदावर लादलेले नाही. दारावर थाप पडली तर मराठी माणूस ‘दार उघडतो’, दूरध्वनी ‘घेतो’ किंवा ‘उचलतो’, हाकेला ‘ओ देतो’, शाळेत हजेरीचा क्रमांक पुकारला की ‘हजर’ म्हणतो, वर्णनाशी ‘जुळतो’, आणि एखादी वस्तू गरजेला ‘आन्सर’ करीत असेल तर तिच्याने ‘काम भागते’. गोष्ट ऐकणारे पोर ‘हुंकार’ देते. हा हुंकार म्हणजे होकार नव्हे आणि उत्तरही नव्हे. ‘मी जागा आहे, पुढे सांग’ एवढेच त्यातून कळवायचे असते. इंग्रजीत या हुंकाराला घरगुती, सुटसुटीत नाव शोधावे लागते.

प्रार्थनेचा प्रकार विशेष लक्षणीय आहे. मराठीत देव ‘उत्तर’ देत नाही. तो ‘पावतो’, नाहीतर हाकेला ‘धावतो’. येथे दोन भाषांतील भेद केवळ शब्दयोजनेचा राहत नाही. ‘आन्सर’मध्ये देव आणि भक्त यांच्यात संभाषणाची चौकट गृहीत आहे, ‘पावणे’मध्ये प्राप्तीची आणि ‘धावणे’मध्ये प्रत्यक्ष येण्याची. संतांच्या अभंगांतील आर्ततेची जात कोणती, हे इंग्रजीतून समजावून सांगू पाहणाऱ्या भाषांतरकाराला या ठिकाणी थांबावेच लागते, आणि ‘आन्सर’ हा सोपा शब्द हाताशी असणे त्याला अडचणीचे ठरते.

आता ‘उत्तर’. ‘उद्’ या अव्ययाला ‘तर’ हा तुलनावाचक प्रत्यय लागून हा शब्द बनतो. ‘अधिक वरचा’ हा त्याचा मूळ अर्थ. त्यावरून हिमालयाकडची, उंचावरची दिशा ती उत्तर, आणि क्रमाने नंतरचे ते उत्तर. ‘उत्तररामचरित’, ‘उत्तरमीमांसा’, ‘उत्तरक्रिया’, ‘उत्तरपूजा’ या सर्वांत ‘नंतरचे’ हाच अर्थ आहे. भास्कराचार्यांच्या गणितपरंपरेत श्रेढीतील पदापदांमधील वाढीलाही ‘उत्तर’ म्हणत. प्रश्नाचे उत्तर म्हणजे प्रश्नाच्या नंतर येणारे आणि प्रश्नाच्या वर जाणारे वचन. ‘आन्सर’मध्ये दोन पक्ष समोरासमोर उभे आहेत, ‘उत्तर’मध्ये एक पायरी आणि तिच्यावरची दुसरी पायरी आहे. ‘पूर्वपक्ष’ आणि ‘उत्तरपक्ष’ या जोडीत हे स्पष्ट दिसते. मीमांसकांच्या अधिकरणात विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष अथवा सिद्धान्त आणि संगती अशी अंगे मानली जातात. तेथे उत्तरपक्षाने पूर्वपक्षाला नुसते परतवून भागत नाही. त्याचे म्हणणे पूर्णपणे मांडून, त्याचे बळ मान्य करून, मग त्याच्या पलीकडे जावे लागते. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी त्याच्यापेक्षाही चांगले मांडून दाखविण्याची ही शिस्त आजच्या मराठी वाङ्मयीन वादांत अभावानेच आढळते, हे जाता जाता नमूद करण्यासारखे आहे.

परंतु ‘उत्तर’ हा शब्द केवळ शास्त्रचर्चेतला आहे, न्यायसभेशी त्याचा संबंध नाही, असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. धर्मशास्त्रातील ‘व्यवहार’ हा विषय म्हणजे न्यायदानाची प्रक्रिया. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ या टीकेत विज्ञानेश्वराने व्यवहाराचे चार पाद सांगितले आहेत: भाषापाद, उत्तरपाद, क्रियापाद आणि साध्यसिद्धिपाद. वादीने केलेली मागणी ती ‘भाषा’, तिला प्रतिवादीने दिलेले प्रतिवचन ते ‘उत्तर’, त्यानंतरचे पुरावे ही ‘क्रिया’ आणि शेवटी निर्णय. विज्ञानेश्वर हा कल्याणी येथील चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या आश्रयाचा पंडित. त्यामुळे हा ग्रंथ मराठी प्रदेशाच्या दृष्टीने दूरचा नाही.

या परंपरेत उत्तराचे चार प्रकार मानले आहेत आणि ते अत्यंत बारकाईने वेगळे केले आहेत. एकाने दुसऱ्याकडून शंभर मुद्रा येणे असल्याची मागणी केली, असे समजू. ‘मी घेतल्याच नाहीत’ हे ‘मिथ्या’ उत्तर. येथे ‘मिथ्या’ म्हणजे खोटे नव्हे. समोरच्याचे म्हणणे मिथ्या आहे असे सांगणारे. ‘होय, देणे आहे’ हे ‘संप्रतिपत्ती’ उत्तर. ‘घेतल्या होत्या, पण परत केल्या’ हे ‘प्रत्यवस्कंदन’ किंवा ‘कारण’ उत्तर. आणि ‘याच बाबतीत पूर्वी निवाडा होऊन वादी हरला आहे’ हे ‘प्राङ्न्याय’ उत्तर. उत्तराच्या प्रकारावर पुढची सारी प्रक्रिया अवलंबून असे. मिथ्या उत्तर असेल तर सिद्ध करण्याचा भार वादीवर; कारण आणि प्राङ्न्याय उत्तरांत तो प्रतिवादीवर; आणि संप्रतिपत्ती असेल तर पुराव्याचा पाद गळूनच जाई. परस्परांशी न जुळणारी उत्तरे एकत्र करणे हा ‘संकर’ नावाचा दोष. ‘घेतल्या नाहीत, आणि घेतल्या असल्या तरी परत केल्या’ असे एकाच दमात म्हणणे या शास्त्राला मान्य नव्हते. संदिग्ध, अतिसंक्षिप्त, अतिविस्तृत किंवा मागणीच्या एखाद्याच भागाला स्पर्श करणारे उत्तर हे उत्तरच नव्हे, तो ‘उत्तराभास’.

नारदाने खटला गमावणाऱ्या हीन वादीचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी एक ‘निरुत्तर’. आज मराठीत ‘निरुत्तर करणे’ म्हणजे वादविवादात तोंड बंद करणे एवढाच अर्थ उरला आहे. मूळ संदर्भात मात्र निरुत्तर असणे ही हक्क गमावण्याची अवस्था होती. जो बोलला नाही तो हरला. तो का बोलला नाही, त्याला बोलता येत होते काय, हा विचार त्या एका शब्दात मावत नाही. विशेष म्हणजे याच अर्थाचा फारसी-अरबी घडणीचा ‘लाजवाब’ हा शब्द मराठीत स्तुतिवाचक झाला आणि ‘निरुत्तर’ पराभववाचक राहिला. दोहोंचा शब्दशः अर्थ एकच.

काव्यशास्त्रातही ‘उत्तर’ आहे आणि त्याची आठवण या संदर्भात फार उपयोगी ठरते. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या दहाव्या उल्लासात ‘उत्तर’ नावाचा अलंकार सांगितला आहे. केवळ उत्तर ऐकून त्यावरून न सांगितलेला प्रश्न जेथे उभा करावा लागतो, तेथे हा अलंकार. त्याचा दुसराही एक प्रकार आहे, त्यात प्रश्न दिलेला असतो आणि उत्तर अनपेक्षित असते. परंतु येथे महत्त्वाचा पहिलाच. उत्तर हे आपल्या पोटात आपला प्रश्न बाळगून असते आणि रसिकाला तो बाहेर काढावा लागतो, ही ती कल्पना.

मराठी गद्याच्या अगदी आरंभी हीच कल्पना एका वेगळ्या रूपाने दिसते. म्हाइंभटाने इ. स. १२७८ च्या सुमारास संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींची पुष्कळ वचने शिष्यांच्या पृच्छेतून आलेली आहेत. कोणी शंका विचारतो, कोणी नुसतेच काही बोलून जातो, महदाइसा तर पुन्हापुन्हा विचारीत राहते आणि त्यावर वचन निघते. पुढे केशिराजबासांनी ही वचने त्यांच्या प्रसंगांपासून सोडवून ‘सूत्रपाठा’त बांधली. सूत्र हातात आले, पण प्रश्न मागे राहिला. मग एकेक सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निघाले ते सांगणारे ‘प्रकरणवश’ लिहिणे संप्रदायाला आवश्यक वाटले. म्हणजे वचनाला त्याचा प्रसंग परत मिळवून देण्यासाठी एक स्वतंत्र ग्रंथप्रकारच जन्माला आला. महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासात याकडे सामान्यतः सांप्रदायिक टीकापरंपरेचा एक भाग म्हणून पाहिले जाते. ते चूक नाही. परंतु प्रश्नाविना उत्तर अपुरे असते, ही जाणीव इतक्या आरंभीच्या मराठीत इतक्या पद्धतशीरपणे प्रकट व्हावी, ही साधी गोष्ट नव्हे. विशेषतः महदाइसेसारख्या स्त्रीची पृच्छा सूत्रातून गळते आणि प्रसंग परत आणला की तिचा आवाजही परत येतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

जुन्या मराठीत ‘उत्तर’ या शब्दाचा आणखी एक अर्थ रूढ होता, तो आज मराठीतून जवळजवळ गेला आहे. संतवाङ्मयात ‘उत्तर’ म्हणजे नुसते ‘वचन, बोल’; तेथे आधी प्रश्न असलाच पाहिजे असे नाही. आधुनिक वाचक अशा ठिकाणी ‘कशाचे उत्तर?’ म्हणून अडखळतो. कोकणीने मात्र हा अर्थ जिवंत ठेवला आहे. गोव्यात ‘उतर’ म्हणजे शब्द, आणि प्रश्नाच्या उत्तराला कोकणीत ‘जाप’ म्हणतात, जो अरबी ‘जवाब’चा झिजून झालेला अवतार आहे. जर्मनमध्ये ‘शब्द’ या शब्दाला उपसर्ग लागून ‘उत्तर’ झाले, कोकणीत ‘उत्तर’ झिजून ‘शब्द’ झाले. दोन भाषांचा परस्परांशी थेट संबंध नसताना अर्थाची वाट उलटसुलट तीच असावी, हे मौजेचे आहे. कोकणीच्या या जोडीवरून असा एक तर्क करता येतो, की ‘उत्तर’ शब्द ‘वचन’ या व्यापक अर्थाकडे सरकल्यामुळे प्रतिवचनासाठी निराळ्या शब्दाची जागा रिकामी झाली आणि ‘जवाब’ तेथे सहज बसला. मराठीत संस्कृत शिक्षणाच्या दाबामुळे ‘उत्तर’ पुन्हा आपल्या जागी आले, पण तोवर ‘जबाब’ घरात शिरलेला होता. हा तर्कच आहे. मात्र दोन्ही भाषांतील वस्तुस्थितीशी तो जुळतो.

‘जबाब’ मराठीत आला तो राज्यकारभाराच्या वाटेने. मराठेशाहीच्या न्यायव्यवहारातील शब्द पाहिले, तर त्यांत दोन थर एकमेकांत मिसळलेले दिसतात. वादी तो ‘अग्रवादी’ आणि प्रतिवादी तो ‘पश्चिमवादी’. येथे ‘पश्चिम’ म्हणजे मागाहूनचा, जसा ‘उत्तर’ म्हणजे नंतरचा. दिशावाचक शब्दांनी क्रम सांगण्याची ही जुनीच रीत. त्याच कागदांत ‘करीना’, ‘तकरीर’, ‘पुरसीस’, ‘महजर’, ‘राजीनामा’ हे फारसी-अरबी शब्द आहेत आणि शेवटी ‘निवाडपत्र’ हा देशी शब्द आहे. ‘जवाब-सवाल’ या जोडीचे ‘जाबसाल’ झाले आणि मराठ्यांच्या पत्रव्यवहारात त्याचा अर्थ बोलणी, वाटाघाटी असा झाला. या जोडीत उत्तर आधी आणि प्रश्न मागून आहे, हेही पाहण्यासारखे. तमाशातील कलगी-तुऱ्याच्या झगड्यात मात्र सवाल आधी आला आणि ‘सवाल-जबाब’ अशी जोडी रूढ झाली. तेथे ज्या पक्षाला जबाब देता आला नाही तो हरला, म्हणजे नारदाचा ‘निरुत्तर’ फडावरही तसाच आहे.

आजच्या न्यायालयीन मराठीत हे थर अजून शिल्लक आहेत. दिवाणी दाव्यात प्रतिवादी ‘कैफियत’ देतो. किरकोळ अर्जावर विरुद्ध पक्ष आपले ‘म्हणणे’ देतो, आणि या ‘म्हणण्या’चा प्रभाव असा, की महाराष्ट्रातील वकिलांच्या इंग्रजीत ‘से’ हे क्रियापद नाम होऊन बसले आहे. तेथे ‘से’ दाखल केला जातो. इंग्रजीतून मराठीत आलेल्या शब्दांची गणना पुष्कळांनी केली, मराठीने इंग्रजीला वाकविल्याचे हे उदाहरण फारसे कोणाच्या नजरेस आलेले दिसत नाही. ग्राहक आयोगापुढील व महसुली प्रकरणांत विरुद्ध पक्षाला ‘जाबदेणार’ म्हणतात. ‘रिस्पॉन्डंट’ला इतका नेमका शब्द दुसऱ्या कोणत्याही घडणीतून मिळाला नसता. ‘उत्तरवादी’ हा शब्दही आहे. परंतु जाब देण्यात जी सक्ती आहे ती उत्तर देण्यात नाही.

पोलिसांच्या कागदांतील ‘जबाब’ मात्र स्वतंत्रपणे विचारात घ्यावा लागतो. (याच्याच शेजारी वापरला जाणारा ‘जबानी’ हा शब्द ‘जबाब’पासून आलेला नाही, तो फारसी ‘जबान’ म्हणजे जीभ यावरून आला आहे. दोन्ही शब्द एकाच कागदाला लागू होऊ लागल्यामुळे ते एकाच कुळातले वाटतात.) फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १६१ खाली, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० खाली, तपास अधिकारी साक्षीदाराला प्रश्न विचारतो आणि त्याचे म्हणणे लिहून घेतो. लिहिलेल्या कागदात प्रश्न बहुधा नसतात. साक्षीदार आपण होऊन सलग हकीकत सांगत आहे, असे त्याचे रूप असते. परंतु मराठी जबाबाच्या आरंभी ‘समक्ष विचारलेवरून सांगतो की’ या धर्तीचे एक ठरीव वाक्य येते. त्यातील ‘विचारलेवरून’ एवढाच गळलेल्या प्रश्नाचा मागमूस. मम्मटाच्या अलंकारात रसिकाने प्रश्न शोधून काढावा अशी कवीची इच्छा असते. येथे प्रश्न दिसू नये अशी लेखनाची व्यवस्था आहे. जे सांगितले ते कोणत्या प्रश्नाला धरून सांगितले, प्रश्न कसा विचारला, कितीदा विचारला, हे कागद सांगत नाही. आणि वाक्ये प्रथमपुरुषी असली, तरी भाषा साक्षीदाराची नसून लिहून घेणाऱ्याची असते. ‘सदर इसम’, ‘नमूद ठिकाणी’, ‘इकडील’ हे शब्द वाडीवस्तीवरच्या बाईच्या तोंडी घातलेले असतात. अशा जबाबावर सांगणाऱ्याची सही घ्यावयाची नाही, अशी तरतूद जुन्या आणि नव्या दोन्ही संहितांत आहे. प्रकरणवश लिहिणाऱ्या महानुभावांना जे आवश्यक वाटले, ते येथे नेमके वगळले जाते. न्यायालयीन कागदपत्रांवर आधारलेल्या मराठी कथनाचा अभ्यास करणाऱ्याने हा भेद ओळखला नाही, तर तो कारकुनी गद्याला साक्षीदाराचा आवाज समजून बसेल.

‘जाब’ हा ‘जबाब’चाच संक्षेप. पण त्याच्या बाबतीत मराठीने एक विलक्षण उलथापालथ केली. ‘जाब देणे’ आहेच, परंतु त्याहून अधिक रूढ प्रयोग ‘जाब विचारणे’ हा आहे. उत्तर या अर्थाचा शब्द ‘विचारणे’ या क्रियापदाचे कर्म झाला आणि मागणीचा वाचक बनला. ‘उत्तर विचारणे’ म्हणजे गणिताचे उत्तर किती आले ते विचारणे. ‘जाब विचारणे’ म्हणजे तू हे का केलेस, असे खडसावून विचारण्याचा हक्क गाजविणे. तो हक्क साधारणतः वरच्याला असतो: मालकाला, वडीलधाऱ्याला, सरकारला. खालच्याने उत्तर दिले तर ते ‘उलट उत्तर’ होते. सासुरवाशिणीचे, गड्याचे, विद्यार्थ्याचे उत्तर बरोबर की चूक हे पाहण्याआधी ते ‘उलट’ ठरते. इंग्रजीतही ‘आन्सर बॅक’ आहेच.

ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) या निबंधाचे महत्त्व या शब्दांच्या प्रकाशात अधिक उलगडते. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याच्या निमित्ताने ‘पुणेवैभव’ पत्राने स्त्रीजातीवर जी टीका केली, तिला हा निबंध उत्तर म्हणून लिहिला गेला. परंतु त्याला नुसते उत्तर म्हणणे अपुरे आहे. धर्मशास्त्राच्या परिभाषेत ते ‘मिथ्या’ उत्तर नाही. स्त्रियांत दोष नाहीत, असे ताराबाई म्हणत नाहीत. एकेक दोष घेऊन तो पुरुषांत अधिक आहे की नाही, असा उलट हिशेब त्या मांडतात. म्हणजे प्रत्यवस्कंदनाच्या वाटेने निघालेले हे प्रतिवचन वाटेतच बाजू बदलते आणि पश्चिमवादी अग्रवादी होतो. ज्यांना जाब द्यावयाचा, त्यांनाच जाब विचारला जातो. समकालीनांना हा निबंध झोंबला असेल तर तो भाषेच्या तिखटपणाइतकाच या स्थानबदलामुळे झोंबला असावा. त्याआधी नऊ वर्षे प्रसिद्ध झालेल्या ‘गुलामगिरी’त (१८७३) जोतीराव फुले यांनी धोंडिराव आणि जोतीराव यांचा संवाद योजला. तेथे प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा एकाच पक्षातले आहेत. जाब तिसऱ्याला विचारला जात आहे, आणि तो तिसरा संवादात हजरच नाही.

विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकात याच्या नेमके उलट घडते. खेळातल्या खटल्यात लीला बेणारेवर आरोपांची सरबत्ती होते, आणि शेवटी तिला आपल्या बचावासाठी काही क्षण दिले जातात. त्या क्षणांत ती प्रदीर्घ स्वगत बोलते. ते प्रेक्षकांना ऐकू येते, रंगमंचावरच्या इतर पात्रांना नाही. खटल्याच्या दृष्टीने ती ‘निरुत्तर’ राहते. नाटकाच्या समीक्षेत या स्वगताची चर्चा बहुधा भावनाट्य की अतिनाट्य, या अंगाने झाली. त्यापेक्षा, उत्तर होते पण उत्तरपाद नव्हता, असे म्हणणे त्या प्रसंगाच्या रचनेला अधिक जवळचे ठरेल.

राहिला ‘जबाबदारी’चा प्रश्न. विसाव्या शतकातील भाषाशुद्धीच्या आग्रहातून फारसी-अरबी शब्दांच्या जागी संस्कृत घडणीचे शब्द बसविण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांना १९२५ मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध करणाऱ्या माधव जूलियन यांनी ‘भाषाशुद्धि-विवेक’ (१९३८) या ग्रंथात विरोध केला. ‘जबाबदारी’ या शब्दाला मात्र या वादाचा फारसा धक्का लागला नाही. ‘उत्तरदायित्व’ आले, पण ते तिची जागा घेऊ शकले नाही. प्रशासकीय मराठीत ‘अकाउंटेबिलिटी’साठी त्याचा वापर होऊ लागला, एवढेच. वास्तविक ‘उत्तरदायित्व’ हे ‘जबाबदारी’चेच शब्दशः संस्कृतीकरण आहे. तरी मराठी माणूस मुलाची, घराची, वचनाची ‘जबाबदारी’ घेतो. ‘उत्तरदायित्व’ घेत नाही. ते कोणावर तरी ‘निश्चित केले’ जाते.

साहित्यविचाराच्या वर्गात हा भेद प्रत्यक्ष अडचण निर्माण करतो. मिखाईल बाख्तिन यांचा १९१९ मधील पहिला छोटा लेख कला आणि जीवन यांच्या परस्परसंबंधाविषयी आहे. त्याच्या शीर्षकातील रशियन शब्द ‘ओत्वेत्स्त्वेन्नोस्त’ हा ‘ओत्वेत’ म्हणजे उत्तर या शब्दापासून बनलेला असून रोजच्या रशियन बोलण्यात त्याचा अर्थ साधी ‘जबाबदारी’ असा आहे. इंग्रजी भाषांतरकारांना ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ या शब्दात ‘उत्तर’ पुरेसे ऐकू येईना, म्हणून त्यांनी ‘आन्सरेबिलिटी’ हा त्यामानाने अवघडलेला शब्द निवडला. त्या इंग्रजीवरून मराठी करताना ‘उत्तरदायित्व’, ‘उत्तरक्षमता’, ‘प्रतिसादशीलता’ असे शब्द सुचविले जाण्याचा संभव असतो. तीन पिढ्यांच्या प्रवासात मूळ शब्दाचा साधेपणा हरवून जातो. जर्मन ‘फेरआन्टवोर्टुंग’, रशियन ‘ओत्वेत्स्त्वेन्नोस्त’ आणि मराठी ‘जबाबदारी’ या तिन्ही शब्दांत उत्तर उघडपणे बसलेले आहे, आणि तिन्ही बाजारात, घरात, कचेरीत चालणारे शब्द आहेत. ‘कला आणि जबाबदारी’ असे शीर्षक दिले तर ते पुरेसे तात्त्विक वाटत नाही, अशी शंका घेतली जाईल. बाख्तिन यांनी निवडलेला शब्दही रशियन वाचकाला तितकाच ओळखीचा होता.